रैतू बाजार आणि ग्राहकाचे कर्तव्य



हैदराबादेतील मराठी घरात अंबाडी शिजते, तेव्हा शेजारच्या तेलुगू घरात गोंगुरा शिजत असतो. नावे दोन, पाला एकच. या पालेभाजीची अडचणही दोन्ही घरांत सारखीच : सकाळी खुडलेली जुडी उन्हात दुपारपर्यंत मान टाकते आणि तिच्यातील ‘क’ जीवनसत्त्व घटत जाते. म्हणून शेत आणि स्वयंपाकघर यांतील अंतर हा केवळ गाडीभाड्याचा प्रश्न नव्हे. तो आरोग्याचाही आहे.

हे अंतर कमी करण्यासाठी तत्कालीन अखंड आंध्र प्रदेशात २६ जानेवारी १९९९ रोजी ‘रैतू बाजार’ सुरू झाले. रैतू म्हणजे शेतकरी. मराठीतील ‘रयत’ त्याच अरबी मुळातून आलेली. पंजाबात १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’ने ही वाट दाखविली होती, १९९९ च्याच नोव्हेंबरात मदुराईत ‘उळवर संदै’ उघडली.

एर्रगड्डा किंवा कूकटपल्ली येथील रैतू बाजारात शेतकरी ओळखपत्र दाखवून आपला माल स्वतः विकतो. मध्ये अडत्या नाही. भाव रोज ठरतात आणि फलकावर लिहिले जातात. ते घाऊक दराहून अधिक, पण किरकोळ दुकानाहून कमी असतात. त्यामुळे पिकविणाऱ्याच्या पदरी चार पैसे अधिक पडतात आणि घेणाऱ्याचे चार पैसे वाचतात.

परंतु जेथे सवलत, तेथे तिचा गैरफायदा घेणाराही पोहोचतो. शेतकऱ्याच्या ओट्यावर व्यापारी बसला, तर पाटी तीच राहते आणि बाजार मात्र बदलतो. कागदोपत्री तपासणी हे अधिकाऱ्यांचे काम. पण ‘ही भाजी कोणत्या गावची? केव्हा खुडली?’ हे दोन प्रश्न विचारणे ग्राहकाच्याच हाती आहे. ऋतूत येणारी भाजी घेणे, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी बाजारास जाणे आणि भोकाच्या पानाला नाक न मुरडणे, एवढ्याने शहरालगतच्या अर्ध्या एकराला आधार मिळतो. गिऱ्हाईक फिरकले नाही, तर त्या अर्ध्या एकरावर भूखंड पडावयास वेळ लागत नाही.

पिशवी धरून आईवडिलांसोबत बाजारात जाणाऱ्या विद्यार्थ्याने ते दोन प्रश्न तेलुगूतून विचारावेत आणि घरी येऊन मराठीतून सांगावेत. अन्नाचा हा पहिला पाठ पुस्तकाबाहेरचा आहे. त्याचे गुरुजन ओट्यामागे बसलेले असतात.