सरासरीवर विसंबू नका



स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे तंजावरात मनःपूर्वक स्वागत. 1855पर्यंत इथे भोसल्यांची गादी होती. त्यांच्या वंशाचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरलेला आहे. या गावात मराठी परिषद भरते आहे, याचा आम्हां तंजावरकरांना विशेष आनंद आहे.

आपला विषय आहे व्यवस्थापनासाठी सिम्युलेशन. पैसा, माणसे आणि माल पणाला लावण्याआधी तोच व्यवहार संगणकावर शेकडो वेळा चालवून पाहायचा, ही त्यातली मूळ कल्पना. गणितज्ञ उलाम आणि फॉन नॉयमन यांनी अशा वारंवार चाचण्यांची माँटे कार्लो पद्धत घडवली ती अणुसंशोधनासाठी. पुढे 1961मध्ये आयबीएमच्या जेफ्री गॉर्डन यांनी जीपीएसएस ही भाषा आणली आणि रांगा, यंत्रे, वाहतूक यांची मॉडेले बांधणे सोपे झाले.

या विषयाची प्रयोगशाळा आमच्या शिवारातच आहे. मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे 12 जूनला सुटते. कुरुवै हंगामातल्या भाताची कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात येते आणि तिच्या पाठोपाठ ईशान्य मोसमी पाऊस. सरकारी खरेदी केंद्रावर ओलाव्याची नेहमीची मर्यादा 17 टक्के. पाऊस लागला की वाळवण थांबते, लॉऱ्या अडकतात, पोती हलत नाहीत आणि शेतकऱ्यांची रांग वाढते. कागदावर मात्र केंद्राची क्षमता पुरेशी असते!

सरासरी फसवते ती इथे. आवक आणि कामाचा वेळ दोन्ही अनियमित असलेले, एकाच वजनकाट्याचे साधे मॉडेल घ्या. काटा 80 टक्के वेळ कामात असेल, तर एका वजनाला लागणाऱ्या सरासरी वेळेच्या चौपट थांबावे लागते; 95 टक्के असेल, तर एकोणीसपट. इतके गणित सूत्राने सुटते. पाऊस, ओलावा आणि लॉऱ्या एकत्र आल्या की सूत्र अपुरे पडते. मग काटा वाढवावा, वाळवणयंत्र आणावे की लॉऱ्या, हे सिम्युलेशनला विचारावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, सॉफ्टवेअर शिकाच, पण त्याआधी नोंद ठेवायला शिका. इथल्या गादीवरील दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रे आणि उपचारांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. तसेच, मॉडेल एकदाच चालवून निष्कर्ष काढू नका. गेल्या हंगामातली रांग ज्या मॉडेलला दाखवता येत नाही, त्याने पुढच्या हंगामाचा सल्ला देऊ नये.

इथून परतण्यापूर्वी एखादे खरेदी केंद्र अवश्य पाहा. घड्याळ आणि वही सोबत ठेवा, रांगेतल्या शेतकऱ्याशी बोला आणि मगच मॉडेल बांधायला बसा.