खातेवहीपलीकडचा माणूस : मानवतावादी मानसशास्त्राचा विचार



विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्रात दोन प्रवाह प्रभावी होते. फ्रॉइडप्रणीत मनोविश्लेषणाने माणसाच्या वर्तनामागे अबोध मनातील संघर्ष पाहिले, तर वर्तनवादाने वर्तनाचा उगम बाह्य परिस्थितीत शोधला. पुढे अमेरिकेत अब्राहम मॅस्लो व कार्ल रॉजर्स यांच्या विचारांतून तिसरा प्रवाह उदयास आला. तेच मानवतावादी मानसशास्त्र. माणूस निवड करू शकतो, जीवनाला अर्थ देऊ शकतो आणि अनुकूल वातावरण लाभल्यास आतूनच विकसित होतो, ही त्याची मूळ श्रद्धा.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना मॅस्लो व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकातील त्रिकोणामुळे परिचित असतो. १९४३ च्या लेखात त्याने शारीरिक गरजा, सुरक्षितता, प्रेम, सन्मान आणि आत्मविकास अशी श्रेणी मांडली. तो त्रिकोण त्या लेखात नाही. हा क्रम ताठर नसल्याचेही मॅस्लोने तेथेच नमूद केले आहे. पर्युषणात उपवास करणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र स्वेच्छेने धरलेला उपवास आणि परिस्थितीने लादलेली उपासमार यांत महदंतर आहे. पहिल्यात निवड आहे, दुसरीत ती हिरावलेली आहे.

रॉजर्सने समुपदेशकाच्या ठायी तीन गुण आवश्यक मानले : अंतर्बाह्य सच्चेपणा, समोरच्याविषयी विनाअट आदर आणि त्याच्या जागी जाऊन त्याचे दुःख समजून घेण्याची समानुभूती. १९५७ च्या लेखात त्याने यांचे विवेचन केले. यांतील विनाअट आदर सर्वांत कठीण. वाशीम जिल्ह्यात तर तो रोजच्या व्यवहारातच कसोटीला लागतो.

२००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली, त्यांत वाशीम होता. येथील शेतकरी डॉक्टरपर्यंत पोहोचण्याआधी बाजारपेठेत येतो. कापड दुकानाच्या गादीवर, अडतीवर, कृषी केंद्रात तो बसतो आणि सहज बोलल्यासारखे म्हणतो, “यंदा सोयाबीन गेलं शेठजी, आता काई खरं नाई.” त्यावर बहुधा उत्तर मिळते, “होईल सारं ठीक,” किंवा “लग्नात एवढा खर्च कशाला केला?” पहिल्या उत्तराने बोलणे संपते, दुसऱ्याने माणूस खचतो. “भाऊ, सारा भार एकट्यावर आल्यासारखा वाटते का?” एवढे विचारून थांबले, तर तो पुढचे बोलू शकतो. मात्र ऐकणाराच सावकार वा उधारी देणारा असतो, ही खरी अडचण आहे. विनाअट आदर म्हणजे उधारी माफ करणे नव्हे. बाकी खातेवहीत राहील; पण त्या बाकीने माणसाची किंमत ठरणार नाही, एवढेच हा विचार सांगतो.

जैन श्रोत्यांना येथे ओळखीची खूण पटेल. प्रत्येक जीवात अनंत सामर्थ्य आहे आणि जीव परस्परांना साहाय्यभूत होतात, ही शिकवण तत्त्वार्थसूत्राच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. अनेकांतदृष्टी दुसऱ्याच्या बाजूतील सत्यांश पाहावयास शिकवते. तरीही दोन्ही विचार एकच आहेत, असे म्हणणे उचित नाही. मॅस्लोचा आत्मविकास म्हणजे मोक्ष नव्हे. त्यात कर्मक्षय नाही, अपरिग्रहाचे व्रतही नाही. साम्य आहे ते माणसाकडे पाहण्याच्या दृष्टीत.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्य उपक्रम राबविला गेला. तो रॉजर्सच्या नावाने चालला नव्हता. परंतु गावातीलच कार्यकर्ते आणि प्रशिक्षित समुपदेशक हा त्याचा पाया होता, गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञांची जोड होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मदत गावात आली, तर माणसे ती घेतात, हा त्याचा बोध.

अर्थात, ऐकण्याने पाऊस पडत नाही, भाव वाढत नाही. तीव्र नैराश्यात औषधोपचार लागतो आणि जीव देण्याची भाषा कानी पडल्यास त्या व्यक्तीला एकटे न सोडता तज्ज्ञांकडे नेणे हेच कर्तव्य ठरते. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे.

कारंजा येथे १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला, तो विद्यार्थ्याच्या अंतःशक्तीवरील विश्वासातून. त्याच विश्वासाची आज प्रौढांनाही गरज आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासाने धर्मशाळेतील एक खोली आठवड्यातून एक दिवस केवळ ऐकण्यासाठी राखावी, दोन-तीन स्वयंसेवकांना प्रशिक्षण द्यावे आणि तेथे जात, पंथ वा उधारी विचारली जाऊ नये. अभयदानाला आपल्या परंपरेत श्रेष्ठ मानले आहे. भ्यालेल्या माणसाचे निर्भयपणे बोलता येणे, ही त्याची पहिली पायरी होय.

जय जिनेंद्र!