औषध आणि सोबत



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आम्ही नववीत शाळा सोडली ती फाउंड्रीत कामाला लागण्यासाठी. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. म्हणून आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकाने आम्हांला विचारलेच, "बोनसवर बोलणारा माणूस एलएसडीवर काय बोलणार? ती तर गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पोरांची नशा!" शंका रास्त आहे. तिचे उत्तर देण्यासाठी आधी एका माणसाची हकीकत सांगितली पाहिजे.

फाउंड्रीत आमच्या शेजारी एक मोल्डर काम करी. हात असा की त्याच्या साच्यातला माल सहसा परत येत नसे. पण पगाराच्या दिवशी त्याची बायको फाटकावर उभी असे. खाडे वाढले, नोटिसा आल्या. युनियनतर्फे आम्ही त्याची नोकरी दोनदा वाचवली. त्याच्याकडून बेलभंडारा उचलून घेतला. तीनदा व्यसनमुक्ती केंद्रात पाठवला. दरवेळी तो मनापासून सुटला आणि दरवेळी पुन्हा अडकला. शेवटी आम्ही चिडून म्हणालो, "तुझ्यातच दम नाही." वर्षाच्या आत तो यकृताच्या आजाराने गेला. ते वाक्य आम्हांला अजून सलते. दारूपुढे शपथ का टिकत नाही, हे शोधण्यासाठी आम्ही मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचता वाचता कॅनडातल्या सस्कॅचवान नावाच्या, गहू पिकवणाऱ्या प्रांतात जाऊन पोचलो.

हा प्रांत आमच्यासारख्याच्या ध्यानात राहण्याचे कारण असे की, १९४४ साली तेथे टॉमी डग्लस यांच्या पक्षाचे समाजवादी सरकार आले, आणि १९४७ पासून त्याने सर्वांसाठी रुग्णालयाचा विमा सुरू केला. त्या सरकारच्या वेबर्न येथील मनोरुग्णालयात १९५१ साली हम्फ्री ऑस्मंड नावाचे डॉक्टर इंग्लंडहून आले. अब्राम हॉफर हे दुसरे डॉक्टर त्यांना मिळाले. त्यांच्या हाती एक नवे द्रव्य होते. राय धान्याच्या कणसावर जी बुरशी येते, तिच्यापासून आल्बर्ट हॉफमन या रसायनतज्ज्ञाने बाझेल शहरात १९३८ साली ते प्रथम तयार केले. त्याचा परिणाम त्यांना कळला तो १९४३ साली, तोही स्वतःच्या अंगावर. हेच एलएसडी. मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा पोटात गेला तरी माणसाचे मन आठ-दहा तास उलथेपालथे होते. अशा द्रव्यांना 'सायकेडेलिक', म्हणजे मन प्रकट करणारी, हे नाव ऑस्मंड यांनीच दिले.

१९५३ पासून या दोघांनी दारूच्या रोग्यांना ते देण्यास आरंभ केला. त्यांचा मूळचा तर्क गमतीचा होता. दारू एकाएकी तुटली की काहींना कंप सुटतो, भलतेसलते दिसते, आणि त्या भयाने एखादा दारू कायमची सोडतो. तसे भय औषधाने उत्पन्न करावे, असा त्यांचा बेत. पण बरे झालेले रोगी वेगळेच सांगू लागले. आपण घाबरलो म्हणून सुटलो नाही. आपले आयुष्य, आपली बायकामुले आपल्याला प्रथमच परक्याच्या नजरेने दिसली, म्हणून सुटलो. डॉक्टरांनी आपला तर्क बाजूला ठेवला आणि रोग्याचे ऐकले. आमच्या मते हा त्यांचा मोठेपणा होय. ऑस्मंड आणि हॉफर यांनी जवळजवळ निम्मे रोगी सुधारल्याचे सांगितले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संस्थेचे एक संस्थापक बिल विल्सन यांनीही १९५६ साली हे औषध स्वतः घेऊन पाहिले.

आता दुसरी बाजू ऐका. टोरांटो येथील संशोधकांनी १९६०च्या दशकात हेच औषध अधिक कडक पद्धतीने तपासले. त्यात रोग्याला पट्ट्याने खाटेला बांधलेले होते. दारू सुटण्याच्या बाबतीत औषध घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फरक दिसला नाही. आता कोण खरे? टोरांटोवाल्यांचा आक्षेप योग्य होता: तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर गुण औषधाचा की डॉक्टरच्या उत्साहाचा, हे कळत नाही. पण वेबर्नवाल्यांचे म्हणणेही खोटे नव्हते: ज्याचे मन उघडे पडले आहे त्याला बांधून ठेवाल, तर तो बंधनच अनुभवणार! वेबर्नला रोग्याजवळ माणूस बसे. तेथील परिचारिका के पार्ली यांनी एलएसडीच्या दिवशी रोग्याला आधार कसा द्यावा यावर १९६४ साली अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मासिकात लेख लिहिला. या बाई पूर्वी त्याच रुग्णालयात स्वतः रोगी होत्या. डॉक्टरांची नावे ग्रंथात येतात. आम्हांला या परिचारिकेचे नाव तितकेच मोठे वाटते.

पुढे हे द्रव्य रस्त्यावर आले, सरकारे धास्तावली. १९७१च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यावर कडक बंधने घातली आणि संशोधन जवळजवळ थांबले. जुन्या कागदांवर धूळ बसली. २०१२ साली नॉर्वेतल्या दोन संशोधकांनी ती झटकली. तुलनेचा गट असलेले सहा जुने प्रयोग त्यांनी एकत्र केले. त्यांत ५३६ रोगी होते. एकदा एलएसडी घेतलेल्यांपैकी ५९ टक्के सुधारले, इतरांपैकी ३८ टक्के. मात्र वर्षभराने हा फरक उरला नव्हता. २०२२ साली न्यू यॉर्कच्या संशोधकांनी सिलोसायबिन, म्हणजे काही जातींच्या अळिंब्यांत असणारे द्रव्य, ९३ रोग्यांच्या प्रयोगात वापरले. ३२ आठवड्यांत अतिरेकी पिण्याचे दिवस औषध घेतलेल्यांत शेकडा सुमारे १०, आणि दुसरी साधी गोळी घेतलेल्यांत सुमारे २४ भरले. येथेही एक उणे सांगितले पाहिजे: आपल्याला कोणती गोळी मिळाली हे बहुतेकांनी ओळखले होते.

आता आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे. त्या प्रयोगात औषधाच्या मात्रा दोन, पण बारा आठवडे बोलण्याचा उपचार. आधी तयारी, औषधाच्या दिवशी दिवसभर सोबत, नंतर जे दिसले त्याचा अर्थ लावण्यासाठी पुन्हा बैठका. याचा अर्थ, उपचारातला मोठा हिस्सा गोळीचा नसून माणसाच्या श्रमाचा आहे. उद्या हे औषध बाजारात आले, तर मालक खर्च कोठे वाचवील? गोळीवर नव्हे, सोबतीवर! तासांना कात्री लागेल, दोघांचे काम एकावर येईल, आणि रोगी पुन्हा खाटेवर एकटा पडेल. फाउंड्रीतली सुरक्षा कोठे मोडते हे ज्याने पाहिले आहे त्याला हे सांगावे लागत नाही.

सुरक्षेचे नियमही रक्ताने लिहिलेले आहेत. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने १९५३ साली फ्रँक ओल्सन या शास्त्रज्ञाला न सांगता एलएसडी पाजले. थोड्याच दिवसांत हॉटेलच्या खिडकीतून पडून त्याचा अंत झाला. म्हणून पहिला नियम: माहिती देऊन घेतलेली संमती. दुसरा: स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद-नैराश्याचा आजार असेल, तर हे औषध वेड जागे करू शकते, त्याला ते देऊ नये. तिसरा: हृदयाची तपासणी आणि चालू गोळ्यांची चौकशी, कारण लिथियमबरोबर झटके आल्याच्या नोंदी आहेत. चौथा: त्या अवस्थेत माणूस लहान मुलासारखा असहाय असतो. त्याचा गैरफायदा उपचार करणाऱ्यानेच घेतल्याची उदाहरणे घडली आहेत. म्हणून सोबतीला दोघे हवेत आणि त्या दोघांवरही देखरेख हवी.

कोणी तरुण म्हणेल, "मग आम्ही घरीच करून पाहू." बाबा रे, नको. रस्त्यावरच्या कागदाच्या तुकड्यावर काय लावले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. एलएसडी म्हणून भलतीच रसायने विकली जाऊन माणसे मेली आहेत. शिवाय आपल्याकडे १९८५च्या कायद्यात एलएसडीची ०.१ ग्रॅम एवढी मात्राही व्यापारी मात्रा ठरते, आणि तिची शिक्षा दहा वर्षांपासून पुढे आहे. परदेशातही वाट सावधपणेच खुली होत आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून मान्यता मिळालेल्या मनोविकारतज्ज्ञांना सिलोसायबिन देण्यास मुभा दिली, तीही दाद न देणाऱ्या नैराश्यापुरती. दारूच्या व्यसनासाठी नव्हे.

तेव्हा आमची मागणी मर्यादित आहे. आपल्या सरकारी रुग्णालयांतून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, कायद्याच्या चौकटीत याचे संशोधन व्हावे. आणि उपचार सिद्ध झालाच, तर कामगार विम्याच्या दवाखान्यात तो पूर्ण सोबतीसह मिळावा, अर्धा नको.

तोवर काय करावे? त्या मोल्डरला आम्ही शपथ दिली, नोकरी दिली, दाखला मिळवून दिला. तो केंद्रातून सुटून आला त्या संध्याकाळी मात्र त्याच्याजवळ कोणी बसले नव्हते. आम्ही त्या दिवशी सभेला गेलो होतो. सोबत बसायला कोणत्याही कायद्याची परवानगी लागत नाही. आता आमच्या युनियनमध्ये केंद्रातून परतणाऱ्या प्रत्येकाच्या घरी पहिले तीन महिने रोज संध्याकाळी कोणीतरी जातो. काही सुटतात, काही पुन्हा पितात. पण "तुझ्यात दम नाही" असे आता त्याला कोणी म्हणत नाही.