गाईच्या पोटांतील तार

कांजूरमार्गच्या खाडीलगत मुंबई शहराचा मोठा कचरा जाऊन पडतो. पण त्यांतला थोडा भाग तेथवर पोंचण्यापूर्वींच एखाद्या गल्लींत मोकाट गाईच्या मुखीं लागतो. भाजीच्या देंठांबरोबर तारेचा तुकडा, चूक किंवा शिवणाची सुई आली, तर तें तिच्या जिवावर बेततें.

गाय चारा निवडून खात नाहीं. जिभेनें ओढलेला घांस ती अर्धवट चावूनच गिळते. रवंथ मागाहून करते. जड वस्तु मात्र रवंथास वर येत नाहीं. ती पोटाच्या चार कप्प्यांपैकीं जाळीदार कप्प्यांत जाऊन बसते. तो कप्पा आकुंचन पावला कीं तारेचें टोंक भिंतींत शिरतें, छिद्रांतून जंतु बाहेर पडतात आणि उदराच्या अस्तरास दाह सुटतो. पुढें श्वासपटल, व त्यापलीकडे हृदय! क्वचित् एखादी मोठी रक्तवाहिनी अथवा हृदयच विंधलें जातें. मग आंतल्या आंत रक्तस्राव होऊन जनावर अकस्मात् कोसळतें.

लक्षणें ओळखण्याजोगीं असतात. दूध एकाएकीं घटतें, रवंथ थांबतें, पाठीस कमान येते, कोपरें बाहेर वळतात. गाय उतारावर जाण्यास कचरते व चालतांना कण्हते. यास साधें अपचन समजून जुलाब देत बसल्यास मोलाचा वेळ जातो. हृदयावरणास दाह पोंचून मानेची शीर फुगली व गळ्याखालीं सूज आली, म्हणजे आशा फार थोडी उरते.

वेळीं पशुवैद्य आला, तर तो पुढचे पाय उंचावर ठेवून गाईस स्थिर उभी करवितो, प्रतिजैविकें देतो, आणि जरूर तर डाव्या कुशींतून पोट उघडून तार काढतो. गुळगुळीत लोहचुंबक गिळवण्याचा उपायही सोपा आहे. तो त्याच कप्प्यांत राहून लोखंड धरून ठेवतो. तांबें वा ॲल्युमिनियम मात्र त्यास दाद देत नाहीं.

परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. १९४९ सालीं आरे येथें दुग्धवसाहत उभी राहून शहरांतले गोठे तिकडे हलूं लागले. वैद्यक व व्यवस्था दोन्हीं आलीं. पण तार गाईच्या तोंडीं जाते ती घराच्या केराच्या टोपलींतून. तुटलेली सुई भाजीच्या सालींत न टाकतां निराळ्या डबींत ठेवणें, एवढें काम कोणत्याहि गृहिणीस वा गृहस्थास जड नाहीं. मुक्या जनावराची शस्त्रक्रिया त्यानें टळते.