“पाय दुखतात” म्हणजे नेमकं काय?

मैत्रिणींनो, वस्तीत आरोग्याचा विषय निघाला की पहिलं गाऱ्हाणं पायांचं. उत्तरंही ठरलेली: वय झालं, वात आहे, कॅल्शियम कमी पडलं. बाईचे पाय दुखायचेच, असं डॉक्टर धरून चालतात आणि आपणही. पण यातलं एखादं दुखणं पायाला रक्त पोचत नसल्याचं असतं. रक्त नेणाऱ्या रोहिण्या आतून अरुंद होत जातात. हा विड्या ओढणाऱ्या पुरुषांचा आजार, असा समज आहे. मधुमेह आणि रक्तदाब काय फक्त पुरुषांना होतो? आणि मशेरीला तर आपण तंबाखूत मोजतच नाही!

“पाय दुखतात का?” असं विचारलं तर सगळ्याच हो म्हणतील. त्यापेक्षा विचारा: चालताना पोटरी भरून येते का? उभं राहिलं की पाच-दहा मिनिटांत थांबतं का? पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा येतं का? तसं असेल तर रोहिणीचा संशय घ्या. फुगलेल्या शिरांचं उलटं असतं, उभं राहून ठणकतं आणि पाय वर घेतला की बरं वाटतं. रोहिणीचा आजार वाढला की रात्री आडवं होताच पाऊल ठणकतं, मग बाई पाय खाटेखाली सोडून बसते. मात्र बायकांमध्ये ही लक्षणं पुष्कळदा अशी सरळ दिसत नाहीत. जी घर ते नळ एवढंच चालते, तिला दुखण्याइतकं चालायलाच कुठे मिळतं?

म्हणून पाय बघायचे, दोन्ही, उजेडात. जोडवी काढायला सांगितली की बायका अडतात. मी वाद घालत नाही. “पाय धुण्यापुरती काढ” म्हणते. न भरणारी जखम तिथेच लपलेली असू शकते. एक पाऊल दुसऱ्याहून गार आहे का, कातडी पातळ, चकचकीत झाली आहे का, ते हाताने पाहा. मग नाडी. एक पावलाच्या वरच्या बाजूला, दुसरी आतल्या घोट्याच्या मागे. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, म्हणून दोन्ही तपासायच्या. आणि नाडी लागली म्हणून आजार नाहीच, असंही नाही.

खात्रीसाठी घोट्याचा रक्तदाब डॉप्लर यंत्राने मोजतात आणि त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर अडथळा आहे. १.४ च्या वर आलं तर रोहिण्या कडक झाल्यात. मधुमेहात हे होतं. तेव्हा या आकड्यावर विसंबायचं नाही, पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगायचं. सुई नाही, चिरफाड नाही. साडी घोट्याच्या वर न घेताच कुणी गोळ्या लिहून दिल्या तर ही तपासणी आपण मागायची.

तोवर बधिर पावलाला गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेलं कळणार नाही. सुजेवर घट्ट पट्टीही आपल्या मनाने बांधू नका. आणि पाय अचानक दुखून पांढराफटक, गार पडला, बोटं हलेनाशी झाली, तर मालिश करत बसायचं नाही. पाय वाचवायला हातात काही तासच असतात. नवरा कामावरून येईपर्यंत थांबू नका, शेजारणीला घेऊन तडक मोठं रुग्णालय गाठा.