भार-चाचणी : संकेतस्थळांची पूर्वपरीक्षा



दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षांचे निकाल अशा शासनाच्या कितीतरी सेवा आज संकेतस्थळांमार्फत जनतेपर्यंत पोहोचतात. ही संकेतस्थळे ज्या सर्व्हरवर चालतात, ते एका वेळी किती लोकांचा भार पेलतील, हे आधी तपासून पाहण्याच्या पद्धतीला भार-चाचणी म्हणतात. तिच्याविषयी चार शब्द सांगण्याचा माझा मानस आहे.

नवा पूल खुला करण्यापूर्वी भरलेल्या मालमोटारी उभ्या करून त्याची परीक्षा घेतात. येथे मालमोटारींची जागा कृत्रिम वापरकर्ते घेतात. अपाची जेमीटर, लोकस्ट, गॅटलिंग, के-सिक्स ही त्यासाठीची प्रचलित साधने होत. जेमीटरचा आरंभ १९९८ मध्ये झाला आणि ते विनामूल्य उपलब्ध आहे. प्रवेश करणे, अर्ज भरणे, कागदपत्र जोडणे हा क्रम साधनाला एकदा शिकविला, की ते हजारो नागरिकांच्या वतीने तो पार पाडते. प्रत्येक उत्तरास किती वेळ लागला आणि किती विनंत्या निष्फळ ठरल्या, याचीही ते नोंद ठेवते.

गर्दीत संकेतस्थळ एकाएकी का कोलमडते? जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम येथे उपयोगी पडतो. दर सेकंदास येणारे लोक आणि प्रत्येकास लागणारा वेळ यांचा गुणाकार म्हणजे आत असलेल्यांची संख्या. सेकंदास २०० विनंत्या आल्या व प्रत्येकीस अर्धा सेकंद लागला, तर आत १०० असतात. तोच वेळ पाच सेकंदांवर गेला की १,००० होतात. सर्व्हरची स्मृती मर्यादित असते. त्यातच अधीर झालेले लोक पुन्हापुन्हा कळ दाबतात आणि भार आणखी वाढतो.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्यविम्याचे शासकीय संकेतस्थळ सुरू झाले. अपेक्षेच्या कितीतरी पट लोक एकाच वेळी आले. पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाल्याचे पुढे उघड झाले. योजना नुसत्या पाहण्यासाठीही आधी खाते उघडावे लागे, त्यामुळे सारी गर्दी त्या एकाच दारावर अडली. दुरुस्तीनंतर डिसेंबरमध्ये ५०,००० लोकांचा एकाच वेळचा भार पेलण्याची क्षमता आल्याचे तेथील शासनाने जाहीर केले. आपल्याकडेही २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता १८ ते ४४ वयोगटासाठी कोविन नोंदणी खुली होताच आरंभी अडचणी आल्या. तरी त्या दिवशी एक कोटीहून अधिक लोकांची नोंदणी झाली.

यावरून काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. एक, चाचणी नेहमीच्या दिवसाच्या नव्हे, तर शेवटच्या तारखेच्या गर्दीइतक्या भाराची असावी. दोन, केवळ सरासरीवर विसंबू नये. शंभरांपैकी ९५ जणांना एक सेकंद आणि पाच जणांना २१ सेकंद लागले, तरी सरासरी दोनच सेकंद दिसते. ते पाच जण अहवालात लोपतात. तीन, भार तासन्‌तास टिकतो का आणि अचानक उसळला तर काय होते, हे दोन्ही पाहावे. चार, चालू संकेतस्थळावर पूर्वपरवानगीविना चाचणी कदापि करू नये, कारण कृत्रिम गर्दी खऱ्या नागरिकांची वाट अडविते. हा अहवाल मागणे, समजून घेणे आणि त्यानंतरच संकेतस्थळ स्वीकारणे, हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य होय.

प्रसिद्धीचे काम करणाऱ्या आम्हा मंडळींचाही यात वाटा आहे. एकच तारीख व एकच वेळ जाहीर केली की गर्दी आपणच ओढवून घेतो. जिल्हावार तारखा दिल्यास ती विभागली जाते. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी शेवटच्या दिवसाची वाट न पाहण्याचा सल्ला गावोगावी द्यावा.

रोजगार बुडवून तालुक्याच्या सेवाकेंद्रावर आलेला मजूर कोरा पडदा पाहून परततो, तेव्हा त्याच्या लेखी यंत्र बिघडलेले नसते, शासनाने दार लावलेले असते. ते दार उघडे राहील याची खात्री आधीच करून घेणे आपल्या हाती आहे.