दप्तरातील दुवे



मुंबईकडून येणारा रस्ता पळस्पे फाट्यावर दुभंगतो. एक वाट घाट चढून पुण्यास जाते, दुसरी पेणवरून कोकणात उतरून गोव्याकडे. फाट्यावरचा फलक पुढच्या गावाचे नाव सांगतो, म्हणून वळण्यापूर्वीच वाटसरूला निर्णय घेता येतो. संगणकावरील दप्तरात एका कागदावरून दुसऱ्या कागदाकडे नेणाऱ्या दुव्याकडून अपेक्षा एवढीच आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र ‘येथे पाहा’ इतकेच लिहिलेले आढळते. हा फलक कोणाच्या उपयोगी पडावा?

महसुली दप्तराला दुव्यांची कल्पना नवी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार ठेवल्या जाणाऱ्या ७/१२ वर फेरफाराचा क्रमांक असतो. तो घेऊन गाव नमुना ६ पाहिला, की खातेदाराचे नाव वारसाने लागले की खरेदीने, हे उमगते. खाते क्रमांकावरून ८-अ काढला, तर त्याची गावातील सर्व जमीन एकत्र दिसते. एखाद्या विधवेचे नाव वारसांत राहून गेले असेल, तर चूक कोठे झाली हे याच साखळीने शोधावे लागते. उतारा संगणकावर आला आणि फेरफाराचा क्रमांक नुसता आकडाच राहिला, तर तिचा तालुक्याचा हेलपाटा काही चुकत नाही.

शासन निर्णयांची बाब याहून नाजूक आहे. निर्णयाच्या माथ्यावर ‘वाचा’ या शब्दाखाली आधीचे निर्णय क्रमांक व दिनांकासह दिलेले असतात. म्हणजे नव्याला जुना ठाऊक. जुन्याला नवा ठाऊक नाही. कागदावर ते शक्यही नव्हते. गावोगाव पोचलेल्या प्रती परत मागवून त्यांवर शेरा कोण मारणार? परिणामी फायलीतील जुन्या प्रतीवर विसंबून लिपिक पात्र माणसाचा अर्ज फेटाळतो, आणि सारा दोष त्याच्या माथी मारणेही न्यायाचे नव्हे. संगणकावर जुन्या निर्णयाच्या वरच ‘अमुक दिनांकाच्या निर्णयान्वये अधिक्रमित’ ही ओळ, नव्या निर्णयाच्या दुव्यासह, घालता येते. जुना मजकूर मात्र पुसू नये. त्या काळी मंजूर झालेल्या प्रकरणांना आधार त्याचाच असतो.

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातील बाणाची खूण शिक्षकांच्या परिचयाची आहे. अधिक माहिती ज्या नोंदीत मिळेल, तिच्याच नावामागे ती असते. प्रत्येक शब्दाला नसते. नव्या कर्मचाऱ्यासाठी माहितीपुस्तिका रचताना हे तारतम्य हवे. ओळीओळीला दुवा दिला, तर शिकणारा मूळ प्रश्नच विसरतो. पुस्तिका तयार झाल्यावर ती नव्याने निवडून आलेल्या सदस्याच्या हाती द्यावी, वारसनोंदीचा एक प्रश्न विचारावा आणि तो कोठे अडतो ते, मध्ये न बोलता, पाहावे.